नोटेवरचं छप्पर

नामवॉन,
१२ सप्टेंबर २००६

चि. इनसूस,
अक्काचे पोटभर आशीर्वाद.

चुसोकच्या सणाला येतोस ना, हे विचारायला हे पत्र नाही. न येऊन सांगतोस कुणाला! फक्त या खेपेला टॅक्सी फाटकाशी लावून हॉर्न वाजवत बसू नकोस, तो मला आता ऐकू येत नाही. कोंबड्या उडवत सरळ अंगणात ये. फोनचंही तेच. तू काय बोलतोस त्यातलं मला निम्मं कळत नाही, मग अप्पा ते माझ्या कानाशी येऊन ओरडतात, आणि आपल्या घरची बातमी शेजारच्या पार्ककाकांना माझ्याआधी कळते. त्यापेक्षा कागद बरा.

अप्पांच्या डोक्यात एक खूळ शिरलंय. पार्ककाकांनी बातमी आणली की जानेवारीत नवी दहा हजारी नोट निघणार, आणि तिच्या पाठीवरचा तळ्यातला महाल जाणार. झालं! तेव्हापासून म्हातारा बेचैन आहे. नोटेवर तो महाल आला तेव्हापासूनची त्यांची सवय तुला माहीतच आहे. बाजारात नोट मोडायला काढली की आधी उलटी करायची, छपराच्या डाव्या टोकावर अंगठा ठेवायचा आणि समोरच्याला सांगायचं, हा कोपरा माझा. परवा तांदळाची दारू विकणारी बाई म्हणाली, आजोबा, नोट मोडायला आणलीत की मुलगी दाखवायला? सगळा बाजार हसला. अप्पाही हसले, पण नोट लगेच नाही दिली.

तू आईच्या पोटात होतास तेव्हा ते सोलला जाऊन ते छप्पर शाकारून आले. पुन्हा कधी तिकडे फिरकले नाहीत. आता म्हणतात, नोटेवरून जायच्या आत एकदा खरं बघून यावं. इनसू, एक दिवस काढ आणि त्यांना घेऊन जा. ऐंशी वर्षांच्या माणसाने दुसरं काही मागितलं नाही रे आजवर. खालून दिसलं तरी पुरे, असं म्हणतात.

मिसुकला आणि सोयंगला आशीर्वाद. माया आहे, ती पत्रातून थोडी परत पाठवत जा.
तुझी,
मालनिम अक्का


सोल,
२१ सप्टेंबर २००६

ती. स्व. अक्कास,
इनसूचा शिरसाष्टांग, आणि कोंबड्यांना आगाऊ माफीपत्र.

अगं, अप्पांचा महाल दिवसभर माझ्या हातातून ये-जा करतो. गिऱ्हाईक नोट देतं, मी मोडून देतो, एवढाच आमचा संबंध. राजवाड्याच्या भिंतीला लागून रोज गाडी हाकतो आणि आत एकदा पाऊल टाकलेलं नाही. लाज वाटली तुझं पत्र वाचून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पण आता नेतोय तर नीट नेणार. खालून बघायला काय, कुणीही बघतं. अलीकडे महालाच्या वरच्या मजल्यावर जायला मिळतं. आधी नाव नोंदवावं लागतं, एका वेळी थोडीच माणसं सोडतात, आणि तेही उबदार महिन्यांतच. थंडी पडली की जिना बंद. जिथे राजा मेजवान्या द्यायचा तिथे आपले अप्पा मांडी घालून बसतील! सोयंगने संगणकाशी झटापट करून ऑक्टोबरअखेरची दोन नावं मिळवली आहेत. पोरगी हुशार आहे, आत्यावर गेली.

खालून पुरे, असं अप्पा म्हणणारच. ताटात अख्खा मासा असला तरी मला डोकंच आवडतं म्हणणारे गृहस्थ ते. तीनदा नको म्हटल्याशिवाय घ्यायचं नाही आणि तीनदा नको ऐकलं तरी वाढायचं थांबायचं नाही, हे त्यांनीच शिकवलं आपल्याला. तेव्हा त्यांचं काही ऐकू नकोस.

ती मातीच्या माकडांची गोष्ट मी हल्ली गिऱ्हाइकांना सांगतो. राजवाड्याच्या छपराच्या कडेवर बसवतात ती मातीची चित्रं गावाकडच्या घरांवर नसतात, म्हणून अप्पा आपला कोपरा शाकारून चक्क खाली उतरले, मुकादमाने वर बघून कपाळाला हात लावला, आणि अख्खी रांग बसवायला त्यांना पुन्हा चढवलं. गिऱ्हाईक हसतं, पण माझे वडील त्या छपरावर होते म्हटलं की आरशातून माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने बघतं.

चुसोकला येतोच. तुझ्या रागाची आणि तिळाच्या लाडवांची वाट बघणारा,
इनसू


नामवॉन,
२६ ऑक्टोबर २००६

चि. इनसूस आशीर्वाद.

घाबरू नकोस, असं लिहिलं की माणूस आधी घाबरतो, म्हणून सरळच सांगते. अप्पा पडले. छपरावरून नाही, दारच्या गामच्या फळझाडावरून! शेंड्यावरची फळं कावळ्यांना ठेवायची असतात हे साऱ्या गावाला कळतं, पण यांना शेवटून दुसरं फळही हवं होतं. उजवा पाय मोडलाय. तालुक्याला नेऊन प्लॅस्टर घातलं. जन्मभर राजवाड्यांच्या आणि देवळांच्या छपरांवर माकडासारखा फिरलेला माणूस दारच्या झाडावरून पडतो म्हणजे काय! पार्ककाका तर म्हणाले, बसवायला विसरलेल्या माकडांनी सूड घेतला.

परवा तुमचं जायचं ठरलं होतं. त्यांनी नवा कोट बाहेर काढून ठेवला होता, आठ दिवस आधीच. मी तो आज परत पेटीत ठेवला तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला फार वाईट वाटलं.

सोयंगला सांग, तिची मेहनत वाया गेली म्हणून आजोबांना चुटपुट लागली आहे. तुम्ही धावत येऊ नका, गाडीचा दिवस बुडवू नका. मी आहे. फळं सोलून वळचणीला टांगली आहेत, सुकली की पाठवते.

लोभ कुठे जात नाही, तसाच ठेव.
मालनिम अक्का


सोल,
१४ नोव्हेंबर २००६

ती. स्व. अक्कास साष्टांग नमस्कार.

परवा आलो तेव्हा अप्पांचा चेहरा बघून गाडीत बसल्यावर मला रडू आलं, हे तुला तेव्हा सांगितलं नाही. प्लॅस्टरवर पार्ककाकांनी काढलेलं माकड मात्र झकास आहे.

तू दिलेली किमची मिसुकने माहेरी अर्धी वाटून टाकली, आणि वर मला विचारते की अक्का आणखी कधी घालणार.

अप्पांना सांग, महाल कुठे पळत नाही. जिना आता बंद झाला तो एप्रिलला उघडेल. पहिल्याच आठवड्यातली दोन नावं नोंदवायची असं सोयंगने आताच ठरवून टाकलंय. तोवर पाय भरून येईल. नाही आला तर मी पाठीवर घेऊन जिना चढवीन. लहानपणी जत्रेतून त्यांनी मला पाठुंगळी आणलं होतं ना, ते फेडायचं राहिलंय. नोटेवरून गेला तरी तळ्यातून जाणार आहे थोडाच!

एप्रिलचा हा शब्द आहे माझा. बाकी प्रेम नेहमीसारखंच, थोडं जास्तच.
इनसू


नामवॉन,
२८ जानेवारी २००७

चि. इनसूस इंग्रजी नव्या वर्षाचे आशीर्वाद, आपल्या नववर्षाचे, सोल्लालचे, वेगळे देईन.

नवी नोट आमच्याकडेही पोचली. पोस्टातून पेन्शन आणली तीत एक होती. अप्पांनी ती उलटी केली आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. तिच्यावर ताऱ्यांचं कसलंसं यंत्र आहे, म्हणतात. आकाराने लहान, कोरी करकरीत. ती त्यांनी मला देऊन टाकली आणि जुनी एक आपल्या उशीखाली ठेवली.

पाय बरा आहे. काठी घेऊन अंगणभर फिरतात, कोंबड्यांना शिस्त लावतात. खोकला तेवढा जात नाही. आता त्यांचं नवीनच निघालं आहे. म्हणतात, पुढच्या आठवड्यात बस पकडून मीच सोलला जातो, खालून बघतो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो, वर चढायचं नाही. काल म्हणाले, आज पुन्हा म्हणाले. तुझा दिवस बुडेल, पाठीवर घ्यावं लागेल, ही भीड असणार, दुसरं काय! तुला विचारते असं सांगून मी वेळ मारून नेली आहे. काय करू?

मी नावाची मालनिम, म्हणजे शेवटची पोर. आता मुली पुरे, असं देवाला बजावायला ठेवलेलं नाव. देवाने ऐकलं आणि तू आलास. तेव्हा या घरात निर्णय तू घ्यायचे, मी फक्त ओरडा खायचा. लवकर कळव.

ओढ आहे ती आहेच.
तुझी अक्का


सोल,
१ फेब्रुवारी २००७

ती. स्व. अक्कास नमस्कार.

मुळीच पाठवू नकोस! तळं गोठलंय, वारा असा आहे की तरणीताठी माणसं कान झाकून पळतात. खोकला घेऊन ऐंशीचा माणूस तिथे उभा राहणार? आणि कशासाठी, तर लांबून बघायला? दोन महिने राहिले. सोयंगने जिना उघडण्याची तारीख काढून ठेवली आहे. भरल्या ताटावरून उठून पेज कशाला प्यायची, असं त्यांना माझ्या वतीने दटावून सांग. तुझा आवाज तसाही दणदणीत आहे.

सोल्लालला येतोच. लहान मुलं पाया पडली की द्यायचे पैसे म्हणून बँकेच्या रांगेत उभं राहून कोऱ्या नव्या नोटा आणल्या आहेत. अप्पांपुढे मीही वाकणार, मलाही हव्यात.

काळजी आणि चेष्टा दोन्ही मनापासून.
इनसू


नामवॉन,
२४ फेब्रुवारी २००७

चि. इनसूस अनेक आशीर्वाद.

तुम्ही सगळे गेल्यावर घर फार मोठं झालं. सोल्लाल असा आला आणि गेला, मी सणाचं भाताचं सूपसुद्धा केलं नाही. पार्ककाकूंनी आणून दिलं तेच खाल्लं.

तू रात्रभर गाडी हाणत आलास आणि पहिलं काय विचारलंस, तर शेवटी काही बोलले का. तेव्हा माणसं होती, म्हणून आता लिहिते. काही बोलले नाहीत. खोकला छातीत उतरला आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. आदल्या संध्याकाळी कोट कुठे आहे असं हाताने विचारलं, मी पेटी दाखवली, त्यांनी मान हलवली. तोच कोट सोबत घातला, तू पाहिलंसच.

ओढ्याच्या पुलाशी तिरडी अडली तेव्हाचं तुला खुपत असणार. तू मान खाली घालून उभा होतास. माझ्यापुरतं सांगते. मला काही ऐकू येत नव्हतं. खांदेकरी जागच्या जागी झुलत होते, पार्ककाका घंटा वाजवत गात होते, हे सगळं नेहमीचंच. मेलेल्याला वाटखर्च मिळाल्याशिवाय तो पूल ओलांडत नाही. तू पुढे होऊन खिशातल्या नोटा तिरडीच्या दोरीला बांधल्यास. त्या कोऱ्या, सोल्लालच्या. तरी पार्ककाका हलेनात. मला वाटलं, दोरी तुटली की काय. मग त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. ते गाण्यातच म्हणत होते, म्हातारा म्हणतोय हे माझे पैसे नव्हेत, यावर माझं छप्पर कुठे आहे? पार्ककाकांचे डोळे वाहत होते आणि घंटा चालू होती. माणसं हसली आणि हसता हसता रडली. तू घाईत घरून निघालास, हाताला लागलं ते घेऊन आलास, त्यात चूक कसली? मी कमरेची पिशवी उघडून उशीखालची जुनी नोट काढली आणि बांधली. तेव्हा कुठे तिरडी हलली.

रीतीप्रमाणे दोरीवरच्या नोटा खांदेकऱ्यांच्या. पण ती जुनी एक पार्ककाकांनी दुसऱ्या दिवशी परत आणून दिली. म्हणाले, हिची दारू घशाखाली उतरायची नाही. ती या पत्रात घातली आहे. एप्रिलला जा. दोन नावं आहेत, एक रिकामं राहू दे. अप्पांच्या वाटचं वर बसून ये.

आता तू आणि मी उरलो. माया आटवू नकोस.
मालनिम अक्का


सोल,
८ एप्रिल २००७

ती. स्व. अक्कास साष्टांग नमस्कार.

जाऊन आलो. चार दिवस झाले, लिहायला बसत होतो आणि उठत होतो.

मिसुक येते म्हणाली, पण तू लिहिलं होतंस म्हणून एकटाच गेलो. खाली दगडी खांबांचं रान आहे, त्यातून जिना चढतो. बूट काढायला लावतात. वर लाकडाची जमीन, अशी गुळगुळीत की पाय ठेवायला संकोच वाटतो. चहूबाजूंनी मोकळं. एकीकडे डोंगर, खाली तळं, तळ्याकाठी विलोची झाडं नुकती हिरवी झालेली. मी अप्पांच्या वाटची जागा शेजारी सोडून मांडी घातली. फार सुंदर आहे गं. खोटं कशाला बोलू, घटकाभर मी खूश होतो.

मग छप्पर बघायचं म्हणून मान वर केली.

वर तुळया होत्या, रंगवलेल्या फळ्या होत्या, हिरवी-तांबडी फुलं होती. कौल एकही नाही. कुठून दिसणार! छपराखाली बसून छप्पर दिसतं का? मी कठड्याशी गेलो, वाकलो, मान वाकडी केली. माहिती सांगणारी मुलगी धावत आली, आजोबा, पडाल म्हणाली. मला आजोबा म्हणाली, तेही ऐकून घेतलं. मी तिला विचारलं, डाव्या टोकाचा कोपरा कुठून दिसेल? ती हसून म्हणाली, खाली उतरा आणि पलीकडच्या काठावर जा, तिथून सगळं छप्पर दिसतं. नाव नोंदवावं लागतं का, असं मी विचारलं. नाही, म्हणाली. साध्या तिकिटावर कुणीही जातं, हिवाळ्यातसुद्धा. आणि म्हाताऱ्या माणसांना तर तिकीटही नाही.

अक्का, मी खाली कसा आलो मला ठाऊक नाही.

काठावर बसलो आणि तू पाठवलेली नोट समोर धरली. हुबेहूब. डावा कोपरा नोटेवर जसा वर उचललेला आहे तसाच तिथे. मधल्या काळात डागडुजी झाली असेल, अप्पांच्या हातचं एखादं कौल राहिलंय की नाही कोण जाणे. पण वळचण तीच, आणि कडेला ती मातीची चित्रं ओळीने बसलेली. नोटेवर त्यांचे नुसते ठिपके दिसतात. माझ्या शेजारी एक म्हातारा शेंगदाणे खात बसला होता. काठी बाजूला ठेवून, आरामात, छपराकडे बघत. कुणीही येतं, बसतं आणि जातं. मी रोज त्या भिंतीला घासून जातो गं! सप्टेंबरात, चुसोकनंतर, जानेवारीत, कुठल्याही दिवशी त्यांना गाडीतून फाटकाशी उतरवलं असतं तर झालं असतं. मी त्यांना राजाच्या मेजवानीला बसवायला निघालो होतो. त्यांना फक्त आपलं काम बघायचं होतं.

मला एकच सांग. तू त्यांच्याजवळ होतीस. खालून पुरे असं म्हणायचे ते खरंच भिडेपोटी होतं का? होतं असं सांगितलंस तर मला झोप लागेल.

नोट परत पाठवतोय, माझ्या खिशात ती मोडली जाण्याची भीती वाटते.
इनसू


नामवॉन,
१७ एप्रिल २००७

चि. इनसूस आशीर्वाद, आणि पाठीवरून हात.

नोट मिळाली. अप्पांच्या फोटोमागे ठेवली आहे, महालाची बाजू वर करून.

बुद्धजयंती झाली की मी सोलला येते. नाव कुठे नोंदवू नकोस. साधं तिकीट काढ, सोयंगला घे, भाताच्या वळ्या करून आणते. आपण त्या काठावर बसू आणि तू मला तो कोपरा दाखव. मोठ्याने सांगायची गरज नाही, बोट दाखवलंस तरी चालेल.

तू विचारलंस त्याचं उत्तर द्यायला मला आठ दिवस लागले. भीड होती, असं लिहून टाकावं असं फार वाटलं. तुला झोप लागली असती. पण तुझ्याशी कधी खोटं बोलले नाही, आता कशाला बोलू? मलाही तेव्हा भीडच वाटली होती. ताटातला मासा, तीनदा नको, सगळं मलाही तेच शिकवलेलं. म्हणून तर मी त्यांना बसमध्ये बसवलं नाही. दोष एकट्याने उचलू नकोस, अर्धा माझा आहे.

पण इनसू, मला ऐकू येत नाही. अप्पांना माझ्याशी एक शब्द बोलायचा तर माझ्या कानाशी तोंड आणून, छातीतला सगळा वारा गोळा करून ओरडावं लागे, आणि मग किती तरी वेळ ते खोकत बसत. त्यामुळे शेवटी शेवटी ते फार बोलतच नसत. पाणी हवं, कोट हवा, ते हाताने दाखवत. खालून पुरे, हे मात्र त्यांनी दर वेळी ओरडून सांगितलं. पार्ककाकांच्या अंगणात ऐकू गेलं, असं काकू म्हणतात.

भिडेपोटी कुणी इतकं ओरडतं का रे?

आहे तेवढा जीव तुझ्यावर आहे. सांभाळून गाडी चालव.
तुझी,
अक्का